बिनड्रायव्हरच्या गाडीतून कसब्याला

लोक हिमालयात जाऊन येतात, युरोपात जाऊन येतात आणि मग लिहायला बसतात. मी नारायण पेठेतून कसबा पेठेत जाऊन आले आणि लिहायला बसले आहे. हसू आलं असेल तर आताच हसून घ्या. हे अंतर दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही हे मला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सरकारी मोजणी खात्यात तेहेतीस वर्षं नकाशे काढण्यात गेली माझी. कसब्यातला एकेक बोळ मी शाईने काढलेला आहे. तरी तिथे पोचायला मला चार वर्षं आणि वर दोन दिवस लागले.

आधी माझ्याबद्दल थोडं. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. वडील वऱ्हाडातून खडकीच्या कारखान्यात नोकरीला आलेले, आई कणखर. तिने मला कुबड्यांवर शाळेत धाडलं आणि दारात उभं राहून रडायचं नाही असं स्वतःलाच बजावलं. पुढे नोकरी लागली, तशी मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली आणि तीस वर्षं तिच्यावरून ऑफिस गाठलं. मग खांदे गेले. कुबड्या सुटल्या, स्कूटर सुटली, बॅटरीची चाकाची खुर्ची आली. ही खुर्ची रिक्षात मावत नाही. बसमध्ये चढवायची तर बस फुटपाथला लागून उभी राहायला हवी, आणि पुण्यात फुटपाथला लागून फक्त दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात. त्यामुळे घर, लिफ्ट, गल्लीचं टोक आणि परत, एवढंच माझं जग उरलं.

आता एक कबुली देते. याचा मला फायदाही होत होता. लग्नं, बारशी, एकसष्ट्या, सत्यनारायण, कुणाचंही बोलावणं आलं की मी म्हणायचे, "आले असते हो, पण येऊ कशी?" समोरचा लगेच विरघळायचा. असं बिनतोड कारण सगळ्यांच्या नशिबी नसतं. मी ते भरपूर वापरलं, आणि सगळ्यात जास्त वापरलं ते कुसुमवर.

कुसुम माझी ऑफिसातली मैत्रीण. सव्वीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. ती कसब्यात तांबट आळीत राहते. माझ्या निवृत्तीच्या समारंभात ती भाषणाला उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "आमची बिचारी रत्ना." पुढचं मी काही ऐकलंच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी श्रीफळ घेतलं आणि घरी आले. त्यानंतर तिने बोलावलं की माझं ठरलेलं उत्तर, "येऊ कशी ग?"

आणि मग यंदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी बिनड्रायव्हरची गाडी येऊन उभी राहिली.

पहिला दिवस : नारायण पेठ ते नारायण पेठ

गाडी म्हणजे काचेचा मोठा डबाच म्हणा ना. सहा माणसं आणि एक चाकाची खुर्ची मावेल एवढी. स्टिअरिंग नाही, ड्रायव्हरची जागा नाही. मधल्या पेठांमधून ती गोल फिरते: नदीकाठाने शनिवारवाडा, मग कसबा, मग बुधवार पेठ आणि परत नारायण. तीन महिन्यांची चाचणी आहे, असं थांब्यावरच्या फलकावर लिहिलं होतं. माझी भाची मंजिरी आयटीत आहे. ती म्हणाली, "मावशी, वीकेंडपर्यंत थांब ना प्लीज. मी येते विथ यू. इट्स स्टिल अ ट्रायल." मी म्हटलं, "मीपण ट्रायलच करतेय." आणि ती कामावर गेल्यावर निघाले.

थांब्यावरचं निळं बटण दाबलं. गाडीने एक सुस्कारा सोडला, एका बाजूने खाली बसली आणि पोटातून एक रुंद फळी बाहेर काढली. मी खुर्चीसकट आत गेले. कुणी मला उचललं नाही, कुणी "सांभाळून हं" म्हटलं नाही, कुणी खुर्चीला हात लावला नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. मला एकदम काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की मी अजून कुणाचे आभार मानले नव्हते.

आत खाकी शर्टातले एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्या खुर्चीची चाकं पट्ट्याने बांधली.

"तुम्ही चालवणार?" मी विचारलं.

"नाय बाई. आपलं काम बसायचं." त्यांचं नाव पोपटराव. मुळशीकडचे. तीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेले. काही गडबड झाली तर दाबायला त्यांच्यासमोर एक लाल बटण होतं. बाकी कशाला हात लावायचा नाही आणि कुणाशी भांडायचं नाही असा हुकूम. हात त्यांनी मांडीवर नीट जुळवून ठेवले होते. उजवा पाय मात्र कुणाचं ऐकत नव्हता. पुढे स्कूटर आडवी आली की तो आपोआप जमिनीत रुतायचा.

"ब्रेक आहे का तिथे?" मी विचारलं.

"नाय. सवय हाय."

गाडी निघाली आणि पहिल्या शंभर पावलांत मला कळलं की तिचं पुण्यात कठीण आहे. ती सभ्य होती. माणूस दिसला की थांबायची, कुत्रं दिसलं की थांबायची, कुणी रस्ता ओलांडायचा नुसता विचार करत उभं असलं तरी थांबायची. थांबली की एका बाईच्या गोड आवाजात म्हणायची, "कृपया मार्ग मोकळा करावा, ही नम्र विनंती." पुण्यात इतक्या नम्रपणे कुणी बोललं की लोकांना आधी संशय येतो. शनिवारवाड्याजवळ एक आजोबा रस्त्याच्या मधोमध थांबून दुसऱ्या आजोबांना काहीतरी पटवून देत होते. गाडी थांबली. विनंती झाली. आजोबा म्हणाले, "बोलतोय मी." पुन्हा विनंती झाली. तेव्हा ते तरातरा काचेपाशी आले आणि आत डोकावून म्हणाले, "ड्रायव्हर कुठाय?"

"ड्रायव्हर नाय यात," पोपटराव म्हणाले.

"मग भांडायचं कुणाशी?"

आजोबांनी गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "अर्धवट काम," असं म्हणून ते बाजूला झाले.

कसब्याचा थांबा आला. फळी बाहेर आली. समोर तांबट आळीचं तोंड दिसत होतं आणि तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा तो आवाजही येत होता, जणू शंभर माणसं एकाच वेळी दारं ठोठावताहेत. मी जागची हलले नाही.

"उतरायचं ना?" पोपटराव म्हणाले.

"बघतेय."

"काय बघताय?"

"आळी."

फळी आत गेली. बुधवार पेठ आली, गेली, आणि मी परत माझ्याच गल्लीच्या तोंडाशी हजर. संध्याकाळी कुसुमचा फोन आला. उद्या जेवायला ये म्हणाली. माझ्या तोंडून सवयीने "येऊ कशी ग" निघालं आणि जीभ चावली. खोटं बोलायची मला सवय नव्हती असं नाही, पण आजवर ते निम्मं तरी खरं असायचं.

दुसरा दिवस : कसबा पेठ

दुसऱ्या दिवशी अकराच्या फेरीला पुन्हा गेले. पोपटरावांनी पट्टा बांधला आणि विचारलं, "आज उतरायचं का नुसतं बघायचं?"

"उतरायचं."

पण कसब्याच्या थांब्याच्या अलीकडे गाडी थबकली. थांब्यासमोर एक मोटरसायकल आडवी लावलेली, आणि मालक समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला. चाळिशीचा, डोक्यावर गॉगल. आमच्या गाडीने सात वेळा विनंती केली. तो मोठ्या प्रेमाने ऐकत होता.

मी काच खाली करायला सांगितली आणि म्हणाले, "अहो, तेवढी गाडी काढता का? मला उतरायचंय."

"पाच मिनिटं, मावशी. चहा घेतोय."

"फळी उघडायला जागा नाही हो."

"गाडी हुशार आहे ना तुमची? घाला म्हणावं वळसा."

पोपटरावांचा चेहरा तांबडालाल झाला. तीस वर्षांच्या शिव्या त्यांच्या गळ्याशी आल्या होत्या, पण हुकूम आडवा येत होता. मी त्यांना म्हटलं, मागच्या बाजूला जरा जागा आहे, तिथे उतरता येईल का? ही गडबडच आहे म्हणून त्यांनी लाल बटण दाबलं, गाडी दोन हात मागे सरकली, फळी उघडली आणि मी रस्त्यावर आले. आळीकडे जायचं सोडून मी खुर्ची नेली त्या मोटरसायकलच्या मागे. अगदी चिकटून लावली आणि बटण बंद केलं. पुढे टपरी, एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला टपरीचं बाकडं, मागे मी. मग पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला, झाकण उघडून वास घेतला आणि परत लावला. वेळ जायला काहीतरी हवं ना.

त्याचा चहा संपला. तो आला, किल्ली फिरवली, मागे बघितलं.

"मावशी, जरा सरकता का?"

"पाच मिनिटं," मी म्हणाले. "चटणी बघतेय."

टपरीवरची माणसं हसायला लागली. टपरीवाला म्हणाला, "घाला आता वळसा!" त्या माणसाने दोनदा हॉर्न वाजवला, एकदा आकाशाकडे बघितलं, मग गॉगल डोळ्यांवर ओढून घेतला आणि म्हणाला, "चुकलं. सॉरी." पुण्यात एवढं पुरे होतं. मी सरकले. पोपटराव काचेतून हात जोडून बघत होते. नियम मोडला नव्हता, पण समाधान पुरेपूर झालेलं दिसत होतं.

त्या विजयाच्या भरात मी आळीत शिरले, नाहीतर तिथूनच मागे फिरले असते. तांब्याचे बंब, घंगाळी, हातोड्या, ओळखीचे वास. कुसुमचं घर डाव्या हाताला. दाराशी तीन दगडी पायऱ्या. खुर्ची त्या पायऱ्यांशी नेऊन मी थांबले आणि हाक मारली, "कुसुम!"

खिडकीत तिचं डोकं आलं. केस पूर्ण पांढरे झालेले. फोनवर पांढरे केस दिसत नाहीत.

"अगं बाई! कुणाबरोबर आलीस?"

"एकटी आले."

"असं कसं? कुणी आणलं असेल ना?"

"गाडीने आणलं. गाडीलाही कुणी आणलं नव्हतं."

ती क्षणभर हसली, मग थांबली. "काल संध्याकाळी तर येऊ कशी म्हणत होतीस."

आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रस्त्यावर, खिडकीकडे मान वर करून, आळीतल्या हातोड्यांच्या आवाजात मला ते ओरडून बोलावं लागलं. "चार वर्षं येता येत नव्हतं हे खरं आहे! पण यायचं नव्हतं हेही खरं आहे! तू मला सगळ्यांसमोर बिचारी म्हणालीस!"

हातोड्या थांबल्या. आळीतली माणसं काम सोडून ऐकायला लागली की आपला आवाज फार मोठा वाटतो.

"मी?" कुसुम म्हणाली. "कधी?"

"भाषणात. पहिल्याच वाक्यात."

"मला काही आठवत नाही ग. भाषण म्हटलं की मला काही सुधरत नाही. आणि म्हणाले असले तर..." तिचाही आवाज चढला. "तू मला वीस वर्षं काय म्हणायचीस? 'कुसुमला नकाशा उलटा दिला तरी कळायचा नाही.' साहेबांसमोर, शिपायांसमोर! मी घरी येऊन रडायचे."

हे मला आठवत होतं. मी ते म्हणायचे आणि लोक हसायचे म्हणून पुन्हा म्हणायचे. ती रडत असेल हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी मान खाली घातली. समोर पायऱ्याच होत्या.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "खाली ये ना."

"तू ये वर."

"कशी येऊ? तीन पायऱ्या आहेत मला."

ती हळूच म्हणाली, "मलाही तीनच आहेत."

तिचे गुडघे गेले होते. आठ महिन्यांत ती स्वतःहून घराबाहेर पडली नव्हती. रविवारी मुलगा आला की धरून उतरवायचा. मला बोलावत राहायची ते प्रेमाने तर होतंच, पण तिला माझ्याकडे येता येत नव्हतं म्हणूनही. हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी तिला बिचारी म्हणेन अशी भीती वाटली तिला.

कुसुमचे यजमान, वसंतराव, आळीतच तांब्याचं काम करतात. हातोडी खाली ठेवून ते आले आणि जेवणाची सोय बघू लागले. कुसुम दाराशी पाटावर बसली, मी रस्त्यावर खुर्चीत. ताट वसंतरावांच्या हातून वरखाली जात होतं. वरून आमटी-भात आणि भरलं वांगं खाली आलं, खालून माझी चटणी वर गेली. कुसुमच्या आमटीत गूळ होता. सव्वीस वर्षं डब्यात खाल्ला, अजून मला पटलेला नाही. आमच्या घरी आमटीत गूळ पडला तर आई विचारायची, कोण आजारी आहे? मी हे बोलून दाखवलं. कुसुमने चटणीचा घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "आणि हे खाऊन कोण वाचलंय?" येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते. एका बाईंनी विचारलं, "अहो, रस्त्यात का जेवताय?" वसंतराव म्हणाले, "आत गर्दी आहे."

जेवणानंतर त्यांनी पायऱ्या टेपने मोजल्या. उतार करू म्हणाले. मी कागद मागितला आणि आकृती काढून दाखवली. खुर्ची सुखरूप चढायची तर एवढ्या उंचीला वीस फूट लांब उतार लागेल. त्यांनी वळून मागे बघितलं. "म्हणजे सुरुवात समोरच्यांच्या स्वयंपाकघरातून करावी लागेल."

"त्यांना विचारून बघा," कुसुम म्हणाली.

विचारायची वेळ आली नाही. मी म्हटलं, मला वर जायला नाही जमणार, पण कुसुमला खाली यायला जमेल. एका उंच पायरीच्या दोन बुटक्या पायऱ्या करा आणि धरायला कठडा लावा. वसंतरावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

तिसरा दिवस : बुधवार पेठ

सकाळी मी पोचले तेव्हा दगडी पायऱ्यांवर लाकडी खोके ठोकून बसवलेले होते आणि भिंतीला लोखंडी नळीचा कठडा होता. कुसुम इस्त्रीची साडी नेसून दारात उभी. वसंतराव खाली हात पसरून उभे राहिले, तशी ती म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा. तुम्हाला बघून मला पडावंसं वाटतं." एक पाय, थांबली. दुसरा पाय, थांबली. सहा पायऱ्यांना तिने किती वेळ घेतला ते मी मोजलं नाही. खाली आल्यावर तिने वळून घराकडे बघितलं आणि माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

थांब्यावर गाडी खाली बसली. कुसुमने आत पाऊल टाकलं, बसली, आणि गाडी निघाल्यावर तिच्या लक्षात आलं की पुढे कुणीच नाही.

"अहो, तुम्ही चालवा की," ती पोपटरावांना म्हणाली. "बसलाय नुसते."

"मला मनाई हाय, बाई."

"आमच्याकडेही असंच आहे. हे बसतात आणि घर आपलं आपण चालतं." मनाई नसलेला पोपटरावांचा पाय जमिनीत रुतला आणि ते खदखदून हसले.

गणपतीच्या देवळावरून जाताना कुसुमने हात जोडले. "तुझ्याही वाटचा करते," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या वाटचं राहू दे. आमच्याकडे ज्याने त्याने आपापलं बघायचं असतं." तिने ऐकलं नाहीच, करून टाकला.

बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांपाशी आम्ही उतरलो. माणसं, हातगाड्या, रेडिओच्या दुकानांतून एकदम वाजणारी चार गाणी. मला वाटलं कुसुम घाबरेल. तिने खुर्चीची पाठ सोडली, निऱ्या ठीक केल्या आणि म्हणाली, "रत्ना, मी जरा माझी माझी फिरते."

"म्हणजे?"

"म्हणजे आठ महिने मी कुणाच्या तरी हाताला धरून चाललेय. मला तुझ्याबरोबर नाही फिरायचं. रागावू नकोस. एका तासाने इथेच भेट." मग जरा थांबून म्हणाली, "तुलाही कुठेतरी जायचं असेल की."

आणि गेली. दुकानांच्या कठड्यांना हात लावत, सावकाश, डावी-उजवी झुलत. पांढरं डोकं गर्दीत दिसलं, दिसेनासं झालं.

मी रस्त्याच्या कडेला उरले. शाळेत असताना आई मला सोडायची आणि न्यायला यायची. स्कूटर होती तेव्हा मी कामाला जायचे आणि कामावरून परत यायचे. खुर्ची आल्यापासून कुणी ना कुणी माझ्यामागे उभं असायचं, आणि ते पाणी प्यायला गेलं तरी सांगून जायचं, "इथून हलू नकोस हं." भर बाजारात, बासष्टाव्या वर्षी, मला माझ्यावर सोपवून कुणी निघून गेलं, असं आजवर घडलं नव्हतं. बॅटरी बघितली. भरलेली होती.

तेवढ्यात एक भला माणूस समोर येऊन वाकला. हातात पिशव्या होत्या, तरी थांबला होता.

"मावशी, कुठे सोडू तुम्हाला?"

"कुठेच सोडू नका," मी म्हणाले. "आत्ताच सुटलेय."

आणि बटण दाबून गर्दीत शिरले.